श्वास आत येताना

कडुबा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात मेथी नव्हती, आणि त्या मेथीपायी केसरबाई पुढं कित्येक दिवस रडल्या. तो मंगळवार उगवला मात्र चारचौघांसारखाच. फेब्रुवारीतलं ऊन अजून अंगाला सोसवत होतं. दौलताबादच्या रस्त्यानं सहलीच्या बसगाड्या पोंगे वाजवत चालल्या होत्या, आणि पडेगावच्या त्या तीन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत एक पेटी पोट उघडं टाकून पडली होती.

पेटी इस्माईलचाचांची होती. शहागंजातल्या त्या म्हाताऱ्या कव्वालाची पेटी वर्षातून एकदा कडुबांकडं यायचीच. शहरातल्या निम्म्या पेट्या या माणसाच्या हाताखालून गेल्या होत्या. भीमगीतांच्या पार्ट्या, हरिनाम सप्ताहवाले, उरुसाचे कव्वाल, झाडून सगळे यायचे. कडुबा स्वतः कधी गायले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "मी गळ्याचा डाक्टर हाय, गळा न्हाय." आणि पुन्हा कानस उचलायचे.

विशाखा उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून वाचत बसली होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा घेऊन ती नुकतीच माहेरी आली होती. सहावा महिना सरत आला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि याआधी दोनदा पोट रिकामं झालं होतं, म्हणून या वेळी सगळ्यांनी तिला काचेच्या भांड्यासारखं जपायचं ठरवलं होतं. तिला ते जपणं आवडत नव्हतं आणि नकोही म्हणवत नव्हतं.

चार महिन्यांपासून तिला धाप लागत होती. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, आता बसल्या जागी. डॉक्टरांनी छातीला नळी लावून दमा सांगितला, आणि कुणालाच नवल वाटलं नाही. केसरबाईंचा दमा त्या घरात खाष्ट सासूसारखा नांदत होता. थंडी आली की त्याचं ऐकायचं, फोडणी दिली की त्याची माफी मागायची. तो लेकीकडं गेला, यात विचारायचं काय? केसरबाईंनी आपला निळा पंप लेकीच्या हातात ठेवला आणि कसा ओढायचा ते दाखवलं. पंपानं काहीच फरक पडत नव्हता. तो नीट ओढता येत नसेल, असं धरून विशाखा आणखी जोरानं ओढायची.

ती वाचत होती आणि कडुबा पेटीचे पितळी सूर, त्या वाजणाऱ्या पट्ट्या, एकेक काढून फडक्यावर मांडत होते. लहानपणी हे काम ती करायची. भाता मारायला तिलाच बसवायचे. जुन्या पेट्यांच्या भात्याला आतून कागद डकवलेला असे, कधी वर्तमानपत्राचा तुकडा, कधी कुणाच्या लग्नाची पत्रिका. अक्षरओळख झाल्यावर विशाखानं शाळेच्या पुस्तकाआधी ते कागद वाचले. पेटीच्या पोटात डोकं घालून बसलेली ती पोर बघून गिऱ्हाईकं हसायची. कडुबा म्हणायचे, "वाचू द्या. तिला सूर नकोत, मजकूर पायजे." डिंकाचा, लाखेचा आणि जुन्या चामड्याचा तो वास तिला पुढं प्रत्येक ग्रंथालयात थोडा थोडा सापडत गेला.

"विशा," कडुबा म्हणाले, "जरा थांब. श्वास घे बरं."

"घेतेच आहे की."

"तोंडानं. मोठा."

तिनं घेतला. कडुबांनी मान कलती केली आणि डोळे मिटले. एखादा सूर लागतोय की नाही ते पाहताना ते असेच करायचे. सोड म्हणाले, तिनं सोडला. पुन्हा घे म्हणाले.

"सोडताना वाजत नाय," ते बोलले. "घेताना वाजतंय."

"दमाच आहे, दादा."

"तुझ्या आईचा दमा मी छत्तीस वर्सं ऐकतोय. त्यो भायेर जाताना वाजतो, शीळ घातल्यागत. तुझा आत येताना वाजतोय." त्यांनी समोरच्या पेटीचा भाता हलकेच उघडला. "हे बघ. भाता हवा घेताना कधी वाजत नसतो. गपचिप घेतो, आन् देताना गातो. घेतानाच वाजाया लागला, तर समजायचं की हवेच्या पडद्यापाशी कायतरी अडकलंय. पाठ कर बरं इकडं."

रात्र रात्र बसून काढल्यामुळं विशाखाचं डोकं जड झालं होतं. पाच डॉक्टर, सात औषधं, आणि जो येईल त्याचा एक सल्ला, हे सगळं तिच्या गळ्याशी आलं होतं. वडील कान पुढं करून आपल्या पाठीशी वाकतायत हे दिसलं आणि तिच्या तोंडून गेलं,

"मी काही तुमची पेटी नाही, दादा. जन्मभर भाते शिवले म्हणून माणूस डॉक्टर होत नसतो."

आवाज चढला नव्हता. तिचा कधी चढतच नसे. चढला असता तर कदाचित बरं झालं असतं, बाप लेकीला रागावला असता आणि विषय संपला असता. कडुबा नुसते मागं सरकले. "ते बी खरंय," म्हणाले. फडक्यावरचा एक सूर उचलून त्यांनी उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि न घासताच खाली ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी टोपी घातली. मधल्या खोलीतून केसरबाईंनी येताना मेथीच्या दोन जुड्या आणायला सांगितलं. ते बरं म्हणून गेले. पेटी तशीच उघडी होती. उघड्या पेटीत धूळ बसते म्हणून एरवी ते पाणी प्यायला उठले तरी वर फडकं टाकून उठायचे. विशाखाच्या ते ध्यानात आलं. पुस्तकात बोट घालून ती बसून राहिली. संध्याकाळी ते आले की काहीतरी बोलू, असं तिनं ठरवलं.

ते दिवेलागणीला आले, रिकाम्या हातानं. केसरबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. एक काम सांगितलं तर ते होत नाही, कुठं उंडारत होता, घरापरास पेट्या जवळच्या झाल्यात, असं बरंच काही. कडुबा ताटावर बसले आणि अर्धी भाकर ठेवून उठले. विशाखानं त्यांचं ताट उचललं. उद्या बोलू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन कडुबा पेटीसमोर मांडी घालून बसले आणि बसल्या जागी पुढं कलंडले. केसरबाईंना वाटलं, वाकून काहीतरी बघतायत.

*

दहावं-तेरावं कडुबांनी हयातीतच मोडीत काढलं होतं. त्याऐवजी बौद्ध रीतीचं पुण्यानुमोदन सोयीनं रविवार पाहून ठेवलं, आणि तो रविवार नेमका बाराव्या दिवशी आला. कडुबांची थोरली बहीण गयाबाई मांडवात शिरता शिरताच म्हणाली, "तेरावं नको म्हणत होता भाऊ, म्हणून बारावं केलं व्हय रे?" बुद्धभूषण, कडुबांचा मुलगा, आधीच घामाघूम झाला होता. वाळूजच्या कंपनीत तो सुपरवायझर होता, बजाजनगरला राहायचा, आणि प्रत्येक गोष्ट शिफ्ट लावल्यासारखी वेळेत व्हावी अशी त्याची धडपड असे. "आत्या, रविवारी लोकांना सुट्टी असते," एवढंच तो म्हणाला.

मांडवात बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या पायाशी कडुबांचा फोटो. मागं बॅनर: 'कालकथित कडुबा, ज्येष्ठ कलावंत, यांना भावपूर्ण आदरांजली.' मजकूर विशाखानं सांगितला होता. पांढऱ्या शुभ्र शेरवानीत आलेल्या इस्माईलचाचांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि भूषणला हळूच म्हणाले, "कलावंत? भाई सुनते तो तुम्हारे कान पकड़ते. कलाकार हम लोगां. वो कारीगर थे, हमारे सरीके छप्पन उनके दरवाजे पे बैठते थे." भूषणनं बहिणीकडं बोट दाखवून सुटका करून घेतली.

केसरबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. जी नवी बाई येई, तिच्या गळ्यात पडून त्या तेच सांगत. "मेथी नाय आणली म्हणून मी लई बोलले गं. घरापरास पेट्या जवळच्या झाल्यात म्हणलं. अर्धी भाकर टाकून उठले. तेच लागलं त्यांच्या जिवाला." आणि ती बाई म्हणे, "आगं, नवरा-बायकोत असतंच."

विशाखानं हे किती वेळा ऐकलं याचा हिशेब तिनं सोडून दिला होता. पहिल्या दिवशी तिला शब्दच फुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग उशीर झाला, आणि मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली. ग्रंथालयात असे लोक तिनं पाहिले होते. पुस्तक परत करायला चार दिवस चुकतात, आणि मग त्या चार दिवसांच्या संकोचानं वर्षभर फिरकत नाहीत. अशा लोकांना ती मनातल्या मनात हसायची.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घ्यायला सुरुवात केली. सगळे एका सुरात म्हणू लागले. विशाखाला एक ओळ एका दमात पुरी करता येईना. बुद्धं सरणं, इथं थांबावं लागे. ती नुसते ओठ हलवू लागली. मग दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती. माणसं उभी राहिली, लहान पोरंही गप्प झाली, रस्त्यावरची बससुद्धा नेमकी तेव्हा नव्हती.

त्या शांततेत तो आवाज ऐकू आला. बारीक, खरबरीत, ठरावीक अंतरानं येणारा. दाराची बिजागरी गंजली की दार ओढताना येतो तसा. लोकांना वाटलं, विशाखा हुंदके आवरतेय. शेजारच्या बाईनं तिचा हात दाबला. हुंदका नव्हता तो. विशाखा फक्त उभी होती आणि श्वास घेत होती.

पुढच्या रांगेत इस्माईलचाचांनी मान वळवली. मग त्यांनी मान कलती केली आणि डोळे मिटले. ते पाहिलं आणि विशाखानं शेजारच्या बाईचा हात घट्ट धरला. तिला खुर्ची द्यावी लागली.

*

जेवणाच्या पंगती चालू होत्या तेव्हा पुढच्या खोलीत घरची माणसं जमली. इस्माईलचाचा, भूषण, त्याची बायको संध्या, गयाआत्या, विशाखाचा नवरा धम्मपाल, आणि दाराशी भिंतीला टेकून केसरबाई. विशाखाला गादीवर बसवलं होतं. कोपऱ्यात इस्माईलचाचांची पेटी होती, कुणीतरी तिच्यावर चादर टाकली होती.

"बेटी, ये साँस का आवाज तेरा था?" चाचांनी विचारलं. तिनं मान हलवली.

मग ते सांगू लागले. "मंगल कू शाम में आए थे भाई, मेरे घर. मैं बोला, पेटी हो गई क्या? बोले, पेटी रहने दे. तुम गाने वाले लोगां गला बिगड़ा तो किसके पास जाते, वो पता देओ. मैं पूछा, किसके वास्ते? बोले, मेरी बेटी की साँस अंदर आते बखत बज री. दमा नहीं है वो. कुछ अटका है. मैं मेरी डॉक्टरनी का नाम दिया. बोले, वो मेरी नहीं सुनती, पढ़ी-लिखी है. पर कल कैसे भी करके लाता." ते थांबले. "कल तो भाई ही नहीं रहे. मैं भी भूल गया, बेटी. आज सुना तो याद आया. माफ कर."

दाराशी केसरबाईंनी पदर तोंडाला लावला. मेथी का आली नाही, ते आता त्यांना कळलं होतं. पण त्या मोठ्यानं म्हणाल्या त्या एवढंच, "आन् मी त्यांना उंडारत व्हता म्हणलं."

विशाखा पेटीवरच्या चादरीकडं पाहत राहिली.

भूषणला शिफ्ट लावायची सवय. त्यानं लगेच ठरवून टाकलं, उद्याच त्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं. चाचा म्हणाले, वो नाक से दुर्बीण डालके देखती, मेरे गले में दो बार डाली. दुर्बीण म्हटल्यावर मात्र खोली दुभंगली.

गयाआत्यानं कपाळाला हात लावला. पोटुशीच्या नरड्यात नळ्या घालतात, हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नऊ वर्षांनी दिवस टिकलेत, तीन महिने कसेबसे काढायचे, पोर हातात आलं की काय नळ्या घालायच्या त्या घाला, असं तिचं म्हणणं. आणि नवल म्हणजे संध्यानं तिला दुजोरा दिला. आत्या आणि संध्या आजवर मिठाच्या बाबतीतही कधी एका बाजूला आल्या नव्हत्या. संध्याला स्वतःच्या बाळंतपणातलं भूल देणं आठवत होतं. ती म्हणाली, भुलीचं औषध बाळाला जातंच, कुणी काही म्हणो.

सगळ्यांनी धम्मपालकडं पाहिलं. तो शाळामास्तर, मवाळ माणूस, सासुरवाडीत तर अगदीच मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "तीन महिन्यांचाच प्रश्न आहे. बाळ सुखरूप आलं की..."

"तीन महिने श्वास कोण घेणार तिचा?" भूषण म्हणाला. "तुम्ही घेणार का, दाजी?"

"भूषण," संध्या म्हणाली.

"नाही, बोलू दे त्याला," धम्मपाल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दोन वेळा दवाखान्यातून रिकाम्या हातानं हिला घरी मी आणलंय. तुम्ही सगळे दुसऱ्या दिवशी भेटायला आलात. घरी आल्यावर ही पहिल्या रात्री काय करते, ते मला माहीत आहे. मला तिसऱ्यांदा ते बघायचं नाही, एवढंच म्हणतोय मी."

विशाखानं नवऱ्याकडं पाहिलं. नऊ वर्षांत तो एवढं कधी बोलला नव्हता, आणि बोलला तो तिच्या बाजूनं की विरुद्ध, हेच तिला कळेना. बोलायला तिनं तोंड उघडलं, पण मध्येच थांबून हवा ओढावी लागली, आणि तो आवाज पुन्हा आला. सगळ्यांनी तो ऐकला. तिनं सवयीनं उशाखालचा निळा पंप काढला.

"तो पंप दे इकडं," केसरबाई म्हणाल्या.

त्या भिंतीपासून उठून आल्या आणि लेकीच्या हातातून त्यांनी पंप काढून घेतला.

"ह्यो माझा हाय. तुझा नाय."

"आगं केसर, आता या घडीला..." गयाआत्यानं सुरुवात केली.

"वन्सं, थांबा जरा. बारा दिस मी हिच्या कुशीला निजतेय. माझं मला सोडताना लागतं. आत घ्यायला मला कवाच त्रास झाला नाय, भायेर टाकायला व्हतो. हिचं उलटं हाय. मला कळत व्हतं." त्या गादीच्या कडेला टेकल्या. "पण दमा म्हणलं की माझ्याकडनं गेलाय असं वाटायचं. आईच्या पाटल्या लेकीला गेल्यागत. माझ्या वळखीचा हाय, मी निभावलाय, ती बी निभावंल. दुसरं कायतरी हाय म्हणलं की त्याचं तोंडच माहीत नाय आपल्याला. म्हणून मी गप बसले. आता बसणार नाय."

मग जावयाकडं न पाहता, पण त्यालाच उद्देशून त्या म्हणाल्या, "आईचाच दम पुरला नाय, तर लेकरू कुणाच्या दमावर यील?"

भावाच्या घरात शेवटचा शब्द आपला, असा गयाआत्याचा चाळीस वर्षांचा रिवाज होता. शेवटी ती संध्याला म्हणाली, "पोरी, पंगतीत बुंदी कमी पडली का बघ जा." हाच तिचा होकार होता.

*

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीच्या आधी विशाखाला एका यंत्रात फुंकायला लावलं. फुंकून झालं की तितक्याच जोरानं ओढायचं. कागदावर एक आकृती उमटली. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पेनानं दाखवलं. श्वास सोडण्याची रेघ डोंगरासारखी वर चढून उतरते, ती तुमची बरी आहे. घेण्याची रेघ खाली वाटीसारखी गोल यायला हवी. तुमची वाटी बुडाशी सपाट झालीय. वाट अरुंद झाली की असं होतं. दम्यात वरचा डोंगर बिघडतो.

"म्हणजे आत येतानाच," विशाखा म्हणाली.

"बरोबर. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वडिलांनी." बाईंनी मान डोलावली. वडील डॉक्टर असावेत असं त्यांना वाटलं असेल. विशाखानं खुलासा केला नाही.

धम्मपालनं रात्री वहीत प्रश्न लिहून आणले होते, शाळेच्या अक्षरात, क्रमांक घालून. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. पूर्ण भूल देणार नाही, घसा बधिर करायचा, बसवूनच बघायचं. बाळाचे ठोके तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ शेजारी उभ्या राहतील. जोखीम नाहीच, असं त्या म्हणाल्या नाहीत. "पण थांबण्यात आहे ती यापेक्षा मोठी आहे. आई जी हवा घेते, त्यातूनच बाळाला मिळते. वाट आणखी बारीक झाली तर एखाद्या दिवशी तुम्हाला इथवर पोचायलाही वेळ मिळणार नाही." धम्मपालनं वही मिटली. विशाखानं सही केली. तो बाहेर जाईना, तेव्हा बाईंनी त्याला खांद्याशी उभं राहू दिलं.

फवारा कडू होता. जीभ, टाळू, घसा एकेक करून तिचे नाहीसे झाले, जणू कुणी खोल्यांतले दिवे मालवत गेलं. नळी नाकातून उतरली. खोकला आला, बाई म्हणाल्या, शांत, शांत. बाजूच्या पडद्यावर विशाखाला आपलाच गळा दिसला. ओला, गुलाबी, कड्याकड्यांचा एक बोगदा. आणि पुढं, जिथं बोगदा सरळ जायला हवा होता, तिथं भिंतीतून फुगून आलेली एक गुळगुळीत गाठ. तिच्या कडेनं चंद्रकोरीएवढी फट उरली होती. चार महिने ती तेवढ्या फटीतून दोघांपुरती हवा ओढत होती. खोलीत कुणीतरी "अरे" म्हणालं. मग लगेच बाळाच्या ठोक्यांचा आवाज मोठा केला गेला. ते धावत होते, घोड्यासारखे, नीट.

नंतर बाईंनी विशाखा, धम्मपाल आणि भूषण, तिघांना बसवून सांगितलं. श्वासनलिकेच्या वरच्या भागात करवंदाएवढी गाठ आहे, वाटेचा पाऊण हिस्सा तिनं व्यापलाय. अशी गाठ मुळातच क्वचित दिसते, आणि गरोदरपणात तर त्यांनी स्वतः बावीस वर्षांत ही दुसरीच पाहिली. गरोदर बाईला धाप लागतेच म्हणून सगळे तिथंच थांबतात. आज रेडिएशन नसलेली तपासणी, एमआरआय, करायची. याच आठवड्यात आतूनच गाठ काढून वाट मोकळी करायची. ती कोणत्या जातीची आहे हे तुकडा तपासल्याशिवाय कुणी सांगू नये, आणि कुणी सांगितलं तर ऐकू नये. पुढचं काय ते बाळंतपणानंतर.

"मग बाळ?" धम्मपालनं विचारलं. हा प्रश्न वहीत नव्हता.

"आईला हवा मिळाली की बाळाचं बरंच काम होतं," बाई म्हणाल्या.

एमआरआयची वेळ घ्यायला धम्मपाल आणि भूषण दोघं मिळून गेले. जाताना भूषणनं दाजींच्या हातातली फाईल आपल्याकडं घेतली, आणि दाजींनी घेऊ दिली.

विशाखा बाहेरच्या बाकावर आईजवळ बसली. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत दोन तास पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता. बोललीस तर आवाज बसलेला येईल, असं नर्सनं सांगितलं होतं. केसरबाईंच्या पलीकडं हर्सूलची एक बाई नातवाला घेऊन बसली होती. तिनं सहज विचारलं, घरून कोण कोण आलंय, मालक नाही आले का? केसरबाई म्हणाल्या, मालक गेले, तेरा दिवस झाले. बाई चुकचुकली. कशानं गेले?

"काय सांगू, बाई," केसरबाई म्हणाल्या. त्यांचा हात आपोआप पदराकडं गेला. "घरात मेथी नव्हती..."

विशाखानं आईच्या मनगटावर हात ठेवला. केसरबाई थांबल्या. लेकीला पाणी हवं असेल असं त्यांना वाटलं. आता नको गं, अजून अवकाश हाय, असं त्या समजावू लागल्या.

विशाखानं मान हलवली. तिनं श्वास घेतला. तो वाजला. तो पुरता आत येईपर्यंत ती थांबली, आणि मग बसलेल्या, परक्या वाटणाऱ्या आवाजात म्हणाली,

"आई, मेथीनं काही झालं नाही. त्या दुपारी दादांना मी बोलले होते. लागेल असं बोलले. तू बोललीस तेव्हा ते आधीच गप्प झालेले होते."